‘ताप येणार, हे आधी का सांगितले नाही?’ : बालकांच्या लसीकरणाविषयी वाचकांचे प्रश्न

लसीकरणावरील मागील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांची सुरुवातच क्षमायाचनेने झालेली आहे. ‘आम्ही लशीच्या विरोधात नाही, पण...’, ‘शंका विचारते म्हणून रागावू नका’, अशी ती वाक्ये वाचून मला वाईट वाटले. तान्ह्या बाळाच्या मांडीत सुई टोचली जाणार असताना त्या सिरिंजमध्ये काय आहे, त्यातून काय त्रास होऊ शकतो आणि काही बिघडले तर उत्तर कोण देणार, हे विचारण्याचा आईबापांना पूर्ण अधिकार आहे. त्यांना धड उत्तर न देण्याची जी सवय आम्हा डॉक्टरमंडळींना लागून गेली आहे, तिने लसीकरणाचे अफवांइतकेच नुकसान केले आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. म्हणून या अंकातील सदर मी पूर्णपणे या पत्रांसाठी राखून ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी येत्या महिन्यात नऊ महिन्यांची होईल. गोवर-रुबेलाच्या लशीसाठी आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. परंतु माझे माहेर बेळगावकडचे असल्यामुळे, रामदुर्ग तालुक्यात याच लशीनंतर तीन बाळे दगावल्याची गोष्ट आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. सासूबाई म्हणतात, वर्षाची होऊ दे, मग बघू. मी काय करावे? (एक आई, गडहिंग्लज)

उत्तर : रामदुर्गची ती घटना खरी आहे आणि तिला अफवा म्हणून उडवून लावणाऱ्याचे तुम्ही ऐकू नका. जानेवारी 2022 मध्ये तेथे तीन बालकांचा लसीकरणानंतर मृत्यू झाला, प्राथमिक चौकशीत लस हाताळण्यातील गंभीर हलगर्जीपणा समोर आला आणि संबंधितांना निलंबित करण्यात आले. आता ही हलगर्जी म्हणजे नेमके काय, हे समजून घेऊ, कारण ते समजले की तुमच्या मुलीच्या वेळी काय पाहायचे हेही आपोआप कळेल.

गोवर-रुबेलाची लस कुपीत कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि तिच्यासोबत त्याच कंपनीचे विद्रावक, म्हणजे भुकटी विरघळवण्याचे पाणी, वेगळ्या कुपीत येते. लसीकरणाच्या सत्रात ही दोन्ही एकत्र केली जातात. या लशीत जिवंत पण दुर्बल केलेले विषाणू असल्यामुळे तिच्यात जंतुनाशक परिरक्षक घालता येत नाही. याचा अर्थ असा की, एकदा विरघळवलेल्या कुपीत अस्वच्छ सुईवाटे किंवा हातावाटे त्वचेवरचे जंतू शिरले आणि ती कुपी तासन् तास उघडी राहिली, तर ते जंतू आत वाढतात आणि विष तयार करतात. म्हणूनच विरघळवलेली कुपी चार तासांनंतर फेकून द्यायची, ती दुसऱ्या दिवसासाठी कदापि ठेवायची नाही, असा कडक नियम आहे. हा नियम मोडला गेला तर लस घेतल्यापासून काही तासांतच उलट्या, पाण्यासारखे जुलाब आणि प्रचंड ताप सुरू होऊन बाळ दगावू शकते. दोष भुकटीत नसतो, तो कुपी उघडल्यानंतर शिरतो. दगावलेल्या बाळाच्या आईला या भेदाने कोणताही दिलासा मिळत नाही, हे मी जाणतो. तथापि पुढच्या बाळाचा जीव मात्र याच भेदावर अवलंबून आहे.

प्रशांत महासागरातील सामोआ या चिमुकल्या देशात काय घडले ते पाहा. जुलै 2018 मध्ये तेथे एकाच रुग्णालयात, एकाच दिवशी दोन बाळे गोवराच्या लशीनंतर दगावली. दोन परिचारिकांनी लशीची भुकटी विद्रावकाऐवजी स्नायू शिथिल करणाऱ्या, भूल देताना वापरल्या जाणाऱ्या औषधात विरघळवली होती. त्यांनी गुन्हा कबूल केला व त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. परंतु दरम्यानच्या काळात सरकारने ही लस देणे कित्येक महिने थांबवले, लोकांचा विश्वास उडाला आणि लस पुन्हा सुरू झाल्यावरही आया केंद्रांवर परतल्या नाहीत. 2019 च्या अखेरीस गोवराची साथ आली. जेमतेम दोन लाख वस्तीच्या त्या देशात 5,700 हून अधिक रुग्ण झाले आणि 83 जण मरण पावले, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. डिसेंबरमध्ये दोन दिवस संपूर्ण देशाचे व्यवहार बंद ठेवण्यात आले आणि ज्या घरात लस न घेतलेले माणूस असेल त्या घराबाहेर लाल कापड लावण्यास सांगण्यात आले, जेणेकरून लस देणारी पथके तिथे थांबतील. चूक दोन बाळांच्या जिवावर उठली होती. त्या चुकीनंतरच्या भीतीने त्याच्या चाळीसपट माणसे नेली.

तेव्हा सासूबाईंची भीती चुकीची म्हणू नका, पण वर्षापर्यंत थांबूही नका. आईकडून मिळालेले गोवराविरुद्धचे संरक्षण नऊ महिन्यांपर्यंत जवळजवळ ओसरलेले असते, आणि याच वयात गोवर झाला तर न्यूमोनिया, अतिसार व मेंदूज्वर यांचा धोका मोठा असतो. मुलीला ठरल्या दिवशी घेऊन जा आणि सत्राच्या ठिकाणी सिस्टरना शांतपणे चार गोष्टी विचारा. कुपी किती वाजता विरघळवली, ती वेळ कुपीवर लिहिलेली आहे का? विद्रावक त्याच लशीसोबतचे आहे का? सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून काढली का? कुपीवरच्या खुणेतील आतला चौकोन भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिका आहे का? (तो चौकोन वर्तुळाइतका गडद झाला असेल, तर त्या कुपीला नको तेवढी उष्णता लागलेली आहे आणि ती वापरायची नसते. विरघळवणाऱ्या लशीत ही खूण बहुधा झाकणावर असते आणि झाकण उघडताना निघून जाते, म्हणून हा प्रश्न कुपी उघडण्यापूर्वीच विचारावा.) चांगल्या सिस्टरना हे प्रश्न आवडतात. मी असे अनेक जण पाहिले आहेत, जे कोणी विचारण्याआधीच कुपी आईच्या डोळ्यांसमोर धरतात.

लस दिल्यानंतर अर्धा तास तेथेच बसा, कारण तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया आलीच तर ती सहसा या अर्ध्या तासात येते. दहा लाख डोसांमागे सुमारे एक इतकी ती विरळा असते, आणि तिच्यावरचे इंजेक्शन सत्रस्थळी ठेवलेले असते. पुढे पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान काही मुलांना ताप येतो, अंगावर फिके पुरळ उठते व दोन-तीन दिवसांत जाते. काही हजार मुलांमागे एकाला या तापात आकडी येऊ शकते. ती पाहताना आईबापांची पाचावर धारण बसते, परंतु अशा आकडीने मेंदूला कायमची इजा होत नाही. हे सगळे मी तुम्हाला आज सांगतो आहे, म्हणजे आठव्या दिवशी रात्री ताप आला तर तुम्ही घाबरणार नाही. मात्र लस घेतल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत उलट्या-जुलाब किंवा खूप ताप सुरू झाला, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठा आणि आशाताईंना कळवा.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. पोलिओच्या डोसाऐवजी मुलांना सॅनिटायझर पाजल्याची घटना आमच्या जिल्ह्यात घडली. अजूनही एखाद्या घरी गेले की, ‘आज बाटलीत काय आणले?’ असे विचारतात. वरून सूचना असते की, नकारात्मक विषय काढू नका. मी काय उत्तर द्यावे?

उत्तर : खरे ते सांगावे. 31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यातील एका गावात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले, मुलांना उलट्या झाल्या, त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले, ती सुखरूप घरी परतली आणि जबाबदार असलेल्यांवर कारवाई झाली. एवढे चार वाक्यांत सांगून मग बाटलीवरचे नाव त्या आईला स्वतः वाचू द्या. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला वाचायला सांगा. तुम्ही विषय काढला नाही म्हणून तो तिच्या मनातून जात नाही. उलट ‘या बाईला ठाऊक असूनही बोलत नाही’ अशी खूणगाठ मात्र ती बांधते.

या संदर्भात आपल्या मुंबईतल्याच एका जुन्या प्रकरणाची आठवण सांगतो. जंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली व तेथून लाखो डोस देशभर गेले. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी 107 जणांना ही लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या एकोणीस जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. सरकारी चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे लंडनच्या लिस्टर या वैद्यकीय संशोधन संस्थेने पुराव्यांची छाननी केली, तेव्हा संसर्ग प्रयोगशाळेत झालेला नसून गावात बाटली उघडताना झाला असावा, असे दिसले. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन यांना निर्दोष ठरवण्यास 1907 साल उजाडले, आणि तेही नोबेलविजेते डॉक्टर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामवंतांनी जाहीरपणे त्यांची बाजू लावून धरल्यानंतर. आज परळच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव आहे.

मला या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती त्या बाटलीची. बाटलीचा क्रमांक नोंदलेला होता, कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली हे लिहिलेले होते, म्हणूनच एकोणीसही मृत्यूंचा माग एका बाटलीपर्यंत आणि एका चिमट्यापर्यंत काढता आला. तुम्ही नोंदवहीत लशीचा बॅच क्रमांक लिहिता, तेव्हा ते निव्वळ कारकुनी काम समजू नका. उद्या एखाद्या बाळाला काही झाले, तर खरे कारण शोधण्याचा धागा तोच असतो, मग ते कारण लशीत निघो, हाताळणीत निघो किंवा तिसरीकडेच कुठे.

आणखी एक सांगतो, ते माझ्या स्वतःच्या चुकीविषयी आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. दीड महिन्याच्या डोसानंतर एक आई अडीच महिन्यांच्या डोसाला आलीच नाही, म्हणून मी तिच्या घरी गेलो आणि अंगणात उभा राहून चार लोकांसमोर तिला बोललो. ती बराच वेळ काही बोलली नाही. बाळ तिच्या कडेवर होते आणि ती त्याच्या मांडीवरची, सुईच्या जागची सुपारीएवढी गाठ अंगठ्याने चाचपत होती. मग ती म्हणाली, “डॉक्टर, ताप येणार, गाठ येणार, हे आधी सांगितलं असतं, तर मी रात्रभर रडत बसले नसते.” तिला कोणीही काही सांगितलेले नव्हते. शेजारणींनी सांगितले ते तिने खरे मानले. त्या दिवसानंतर आमच्या केंद्रातून एकही आई, कोणती लस कशासाठी दिली, काय त्रास होईल, तो झाल्यास काय करायचे आणि पुन्हा कधी यायचे, हे ऐकल्याशिवाय घरी गेली नाही. ही चार वाक्ये बोलण्याची सूचना प्रशिक्षणात तेव्हाही होती, आजही आहे. गर्दीच्या सत्रात सर्वांत आधी बळी पडतात ती हीच वाक्ये.

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांचे साडेतीन महिन्यांचे बाळ लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच गेले. डॉक्टरांनी ‘योगायोग’ म्हटले आणि विषय संपवला. लशीचा संबंध नव्हता, हे त्यांना एका रात्रीत कसे कळले? (एक वाचक, जालना)

उत्तर : एका रात्रीत ते कोणालाच कळत नाही, आणि चौकशीआधी ‘योगायोग’ हा शब्द उच्चारणारा डॉक्टर वैद्यकशास्त्राला धरून बोलत नसतो. तुमचा संताप रास्त आहे.

तरीही योगायोगाचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या देशात वर्षाला सुमारे अडीच कोटी बाळे जन्मतात. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार दर हजार जन्मांमागे 28 बाळे पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती आणि त्यांतील 20 पहिल्या चार आठवड्यांतच. म्हणजे उरलेल्या अकरा महिन्यांत हजारी 8, एकूण सुमारे दोन लाख बाळे न्यूमोनिया, अतिसार, जन्मजात व्यंगे, श्वास कोंडणे अशा नाना कारणांनी जात होती. याच अकरा महिन्यांत प्रत्येक बाळाचे लसीकरणाचे चार दिवस येतात. लशीचा तिळमात्र संबंध नसता, तरी या दोन लाखांपैकी ढोबळ हिशेबाने दोन हजारांच्या आसपास मृत्यू लसीकरणानंतरच्या एका दिवसात पडणारच. साडेतीन महिने हे तर असे वय आहे, ज्या वयात कोणत्याही देशात, लस घेतलेली वा न घेतलेली बाळे कधीकधी झोपेत अचानक दगावतात आणि शवविच्छेदनातही कारण सापडत नाही.

परंतु हे गणित समूहाचे आहे. त्याने तुमच्या शेजारच्या एका बाळाचा निकाल लागत नाही. खरी लशीमुळे झालेली इजाही याच दोन हजारांच्या गर्दीत दडून राहू शकते, म्हणूनच प्रत्येक गंभीर घटनेची स्वतंत्र चौकशी करायची असते. अमेरिकेत 1998 साली रोटाव्हायरसची (बाळांना तीव्र जुलाब करणाऱ्या विषाणूची) पहिली लस आली, तिच्यामुळे काही बाळांचे आतडे एकात एक सरकून अडकत असल्याचे नोंदींवरून लक्षात आले आणि वर्षभरातच, 1999 मध्ये, ती बाजारातून काढून घेण्यात आली. हा धोका सुमारे दहा हजारांत एक इतका होता, तरी तो पकडला गेला, कारण आईबापांच्या व डॉक्टरांच्या तक्रारी कोणीतरी लिहून घेत होते आणि कोणीतरी त्या वाचत होते. पुढच्या रोटाव्हायरस लशींच्या चाचण्या म्हणूनच हजारो बाळांवर, याच धोक्यावर डोळा ठेवून करण्यात आल्या.

आपल्याकडेही लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांच्या नोंदीची व्यवस्था आहे. मृत्यू, रुग्णालयात दाखल करावे लागणे किंवा एकाच सत्रातील अनेक मुले आजारी पडणे, यांची माहिती तातडीने वर गेली पाहिजे. जिल्ह्याची समिती तपास करते, त्या बॅचच्या कुप्या मोहोरबंद करून गरजेप्रमाणे कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठवल्या जातात, आणि कार्यकारणसंबंधाचा निर्णय तज्ज्ञांची समिती ठराविक वर्गवारीनुसार देते: दोष लशीच्या गुणधर्माचा, लशीच्या उत्पादनाचा, देण्यातल्या चुकीचा, सुईच्या भीतीतून उद्भवलेला, की अन्य आजाराचा योगायोग. तुमच्या शेजाऱ्यांना सांगा की, घटना जुनी झालेली असली तरी जिल्हा माता व बालसंगोपन अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, लसीकरण कार्डाची प्रत जोडावी आणि चौकशी झाली का, तिचा निष्कर्ष काय, हे लेखी मागावे. शवविच्छेदनाला कुटुंबे नकार देतात, आणि का देतात हे मी पुरेपूर समजू शकतो, परंतु त्यानंतर कारण शोधण्याची सर्वांत भक्कम वाट बंद होते, हेही दुःखाच्या त्या प्रसंगी कोणीतरी हळुवारपणे सांगायला हवे.

या व्यवस्थेतील माझ्या मते सर्वांत मोठी उणीव ही की, निष्कर्ष निघाला तरी तो त्या घरापर्यंत क्वचितच पोहोचतो. 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या लशींसंबंधीच्या निकालात, प्रतिकूल घटनांची नोंद सामान्य नागरिकांनाही करता यावी आणि व्यक्तीची ओळख उघड न करता ती माहिती लोकांना पाहता यावी, असे सांगितले. मुलांच्या लसीकरणालाही हेच तत्त्व लागू व्हावे, आणि तपासात लशीचा संबंध सिद्ध झाला तर कुटुंबाला कोर्टकचेरी न करता भरपाई मिळावी. अमेरिकेने 1986 साली त्यासाठी कायदा केला. सगळ्या समाजाच्या भल्यासाठी घेतलेल्या लशीचा अत्यंत दुर्मीळ भार ज्या एका घरावर पडतो, ते घर समाजाने वाऱ्यावर सोडू नये.

प्रश्न : माझा मुलगा व सून टेक्ससमध्ये असतात. नातू दहा महिन्यांचा आहे. सुनेच्या मैत्रिणींनी तिला एमएमआर (गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या) लशीमुळे ऑटिझम (स्वमग्नता) होतो असे सांगितल्यामुळे ती ही लस पुढे ढकलण्याचा विचार करते आहे. मी तिला काय लिहू? (एक आजी, पुणे)

उत्तर : तिला या समजुतीचा उगम लिहून कळवा. 1998 साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या बारा मुलांवरचा एक लेख प्रसिद्ध केला. पुढे उघडकीस आले की, मुलांची निवड आणि नोंदी यांत गंभीर फेरफार होते आणि लस कंपन्यांविरुद्ध दावा करू पाहणाऱ्या वकिलांकडून मिळालेला पैसा लपवण्यात आला होता. फेब्रुवारी 2010 मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. डेन्मार्कमधील 6,57,461 मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. ही लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण न घेतलेल्या मुलांपेक्षा जास्त आढळले नाही, ज्यांच्या भावंडांना ऑटिझम होता अशा मुलांतही नाही. ऑटिझमची लक्षणे आईबापांच्या ध्यानात येतात ती साधारण दीड-दोन वर्षांच्या वयात, आणि लशीही त्याच सुमारास दिलेल्या असतात, त्यामुळे दोहोंची सांगड मनात बसते. अशा मुलांच्या आयांना मूर्ख ठरवू नये, त्या उत्तर शोधत असतात.

टेक्ससचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून सांगतो. 2025 च्या जानेवारीत त्या राज्याच्या पश्चिम भागात गोवराची साथ सुरू झाली, 750 हून अधिक रुग्ण झाले आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुले दगावली. सुबत्ता, मोठी रुग्णालये, अतिदक्षता विभाग, सर्व काही असताना हे घडले. तिकडे पहिला डोस बारा महिन्यांनंतर देतात, परंतु साथीच्या भागात किंवा परदेशप्रवासाआधी तो सहा महिन्यांनंतरही देतात. नातवाला घेऊन ती मंडळी भारतात येणार असतील, तर सुनेने तिकीट काढण्याआधी बालरोगतज्ज्ञांशी याविषयी अवश्य बोलावे.

प्रश्न : सरकारी दवाखान्यातील मोफत लशीने ताप येतो आणि खासगीतल्या महाग ‘पेनलेस’ लशीने येत नाही. याचा अर्थ सरकारी लस हलकी असते का? (एक वडील, ठाणे)

उत्तर : नाही. फरक डांग्या खोकल्याच्या घटकात आहे. सरकारी पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरील एकत्रित) लशीत त्या जंतूची संपूर्ण मृत पेशी असते, तर ‘पेनलेस’ लशीत तिचे निवडक अंश असतात. संपूर्ण पेशीमुळे ताप, सूज, रडणे अधिक होते हे खरे, परंतु तिच्यामुळे मिळणारे संरक्षण अधिक काळ टिकते, असे अनुभवास आले आहे. पैसे असतील म्हणून महाग लस घेण्यात गैर काही नाही, मात्र पैसे नसलेल्याने आपण बाळाला कमी प्रतीचे काही दिले असे मनात आणू नये. ताप आल्यास वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल द्या, किती ते सिस्टरना विचारा, आणि सुईची जागा चोळू किंवा शेकू नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीत सर्व मुलांनी लशी घेतल्या आहेत. मग माझ्या एकट्या मुलाने नाही घेतली तर काय बिघडते? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या समूहात बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो, म्हणून शंभरातील सुमारे पंच्याण्णव मुले सुरक्षित असली तरच साथ थांबते. म्हणजे मोकळीक फक्त पाच जणांची आहे. त्यात नऊ महिन्यांखालची बाळे आहेत, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारी मुले आहेत. ती जागा त्यांची आहे. 2022 च्या अखेरीस तुमच्याच शहरात गोवंडीत गोवराने मुले गेली, तेव्हा कोविडच्या काळात राहून गेलेले डोस हे त्यामागचे एक मोठे कारण होते. तुमचा मुलगा सोसायटीच्या फाटकाच्या आतच वाढणार नाही. शाळेच्या बसमध्ये आणि लोकलच्या डब्यात त्याच्या शेजारी कोण बसेल, हे तुमच्या हाती नाही.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची लहान मुले सहा-सहा महिने गावाबाहेर असतात. डोस चुकतात, कार्डे हरवतात, आणि परतल्यावर ‘आता उशीर झाला, डॉक्टर ओरडतील’ म्हणून ही मंडळी केंद्रावर जात नाहीत.

उत्तर : त्यांना माझ्या नावाने सांगा की, चुकलेल्या डोसामुळे सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, जेथे खंड पडला तेथून पुढे चालू करतात. गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर सरकारी कार्यक्रमात ती पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत मिळते. पेंटाव्हॅलंटचा एक तरी डोस पहिल्या वाढदिवसाआधी झाला असेल तर उरलेले डोस नंतरही पूर्ण करता येतात, आणि एकही झाला नसेल तर त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची) लस सात वर्षांपर्यंत देता येते. सर्दी-खोकला किंवा किरकोळ ताप असला तरी लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. मूल कोणत्याही जिल्ह्यातील, किंवा राज्याबाहेरीलही, सरकारी सत्रात लस घेऊ शकते, त्यासाठी रहिवासाचा दाखला लागत नाही. कार्ड हरवले असले तरी मूळ उपकेंद्राच्या नोंदवहीत नाव असते, आणि लसीकरणाच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी यू-विन पोर्टलवर नोंद झाली असेल तर मोबाइल क्रमांकावरून आधीचे डोस पाहता येतात.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून एक काम सुचवतो. दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याआधी आशाताईंसोबत बसून पाच वर्षांखालील मुलांची यादी करा, प्रत्येकापुढे झालेला शेवटचा डोस आणि पुढच्या डोसाची तारीख लिहा, कार्डाचा फोटो आई व मुकादम दोघांच्याही फोनमध्ये ठेवायला सांगा, आणि टोळी ज्या कारखान्यावर जाणार तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राला ती यादी कळवा. मुले परतली की पहिल्याच सत्राला त्या आयांबरोबर तुम्ही स्वतः जा, म्हणजे त्यांच्यावर कोणी ओरडणार नाही.